हातभर माती

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात कॅस्केड पर्वताची रांग ओलांडली की पाऊस मागे राहतो. पश्चिमेला, पोर्टलंडच्या बाजूला, वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. फरची गच्च राई, दगडांवर बोटभर शेवाळ, हवेला कायम ओला वास. घाट उतरून बेंड शहर मागे टाकलं की झाडं विरळ होतात, आभाळ रुंदावतं आणि राखाडी हिरव्या झुडपांचा माळ सुरू होतो. बेंड ते बर्न्स हा वीस नंबरचा महामार्ग दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि जवळजवळ सगळी वाट हा माळ दोन्ही अंगांनी सोबत करतो. ब्रदर्स, हॅम्प्टन, रायली ही नकाशावर ठळक दिसणारी नावं प्रत्यक्षात मूठभर घरांची. मधे तारेची कुंपणं, लांबवर चरणारी काळी गुरं, आणि क्षितिजावर सपाट माथ्यांचे डोंगर. ते डोंगर पाहिले की माझ्यासारख्या पुरंदरच्या बाईच्या पोटात काहीतरी हलतं. तोच काळा बेसॉल्ट, थरावर थर रचलेला तोच कातळ, डोंगराशी रिकामे होऊन आलेले तेच ढग.

मला या माळाची ओढ लागली ती मातीपासून.

रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीपाशी ती माती उभी, उघडी दिसते. अगदी वर बोटभर जाडीची फिकट खपली. तिचा तुकडा मोडून उन्हात धरला की आत असंख्य बारीक पोकळ्या दिसतात. पावसाने धूळ दबली, आत हवा कोंडली, माती वाळली, पुन्हा भिजली, पुन्हा वाळली. हवेच्या त्या बुडबुड्यांच्या जागा तशाच राहून गेल्या. खपलीखाली फिकट तपकिरी, भुसभुशीत माती. मूठभर घेतली तरी मुठीला वजन जाणवत नाही. चिमटीत चोळली तर पिठाचा मऊपणा आणि काचेची कचकच दोन्ही एकदम लागतात, आणि तिरप्या उन्हात बोटांच्या टोकांवर बारीक चकाकी राहते. ही राखेची खूण. त्या मातीतून बारीक मुळं खाली गेलेली दिसतात, एकमेकांत गुंतत, दाट होत. आणि मग साधारण चाळीस ते पन्नास सेंटिमीटरवर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतरावर, माती अचानक संपते.

तिथे एक पांढुरका थर आडवा गेलेला असतो. वरची माती झिजली, खालची झिजली, हा झिजला नाही. म्हणून दरडीतून तो जरासा पुढे आलेला. हातोडी वरच्या मातीवर मारली तर मुकी राहते, या थरावर मारली तर खणकन बोलते. मुळं त्याच्यापर्यंत येतात आणि वळतात. त्याच्या माथ्यावर ती आडवी पसरून चपटी झालेली दिसतात, जणू गालिचाच विणला आहे. एखादं मूळ फट शोधून खाली उतरतं, बाकीची तिथेच संसार करतात. मातीच्या शास्त्रात या थराला ड्युरिपॅन म्हणतात. इथले गुरं राखणारे त्याला नुसतं हार्डपॅन म्हणतात.

त्याचा एक तुकडा मी घरी पाण्यात भिजत घातला होता. साध्या मातीचं ढेकूळ पाण्यात टाकलं की काही मिनिटांत विरघळून तळाशी बसतं. हा तुकडा दुसऱ्या दिवशीही तसाच होता, कडा धारदार, पाणी नितळ. आम्लाचा थेंब टाकला तर त्याच्या भेगांतल्या चुन्याच्या रेघा फसफसतात, पण तुकडा फुटत नाही. म्हणजे त्याला धरून ठेवणारा मुख्य हात चुन्याचा नाही. तीव्र अल्कलीत मात्र तो हळूहळू ढासळतो. ही सिलिकेची पकड. जी सिलिका वाळूत असते, काचेत असते, ओपलच्या खड्यात असते, तीच इथे मातीच्या कणाकणाला चिकटून बसली आहे.

ती आली कुठून, हे समजायला वरच्या राखेकडे वळावं लागतं.

सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी दक्षिण ओरेगनमधला मझामा हा ज्वालामुखी फुटला. सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला आणि आतून पोकळ झालेला डोंगराचा माथा स्वतःच्याच पोटात कोसळला. त्या खड्ड्यात पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठत गेलं, तेच आजचं क्रेटर लेक. ५९४ मीटर खोल, अमेरिकेतलं सर्वांत खोल सरोवर. क्लॅमथ लोकांच्या परंपरेत हा उद्रेक पाताळाचा अधिपती लाओ आणि वरच्या जगाचा अधिपती स्केल यांच्या युद्धाची कथा होऊन आजही सांगितला जातो. राख वाऱ्यावर दूरवर गेली. आज अमेरिकेच्या आठ राज्यांत आणि कॅनडाच्या तीन प्रांतांत तिचा माग सापडतो. डोंगराजवळ तिचे कित्येक मीटर जाडीचे थर आहेत. पूर्वेकडे यावं तसे ते पातळ होत जातात. या माळावर पडलेली राख वाऱ्याने पुन्हा पुन्हा उचलली, सखल जागी साठवली, स्थानिक मातीत कालवली. म्हणून इथली माती नुसती राख नाही आणि राखेवाचूनही नाही.

अशी राख पडताना कसं वाटत असेल याचा अनुभव अलीकडच्या माणसांनाही आला आहे. १८ मे १९८० रोजी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स फुटला. ५७ माणसं गेली, आणि याकिमा शहरात भर दिवसा रात्र झाली, रस्त्यावरचे दिवे लागले. मझामाच्या मानाने तो फारच लहान उद्रेक होता. मझामाच्या वेळी या माळावर माणसं होती, हे आपल्याला ठाऊक आहे. बेंडच्या आग्नेयेला फोर्ट रॉक नावाचं राखेच्या दगडाचं एक प्रचंड कडं सपाट माळातून उभं आहे. हिमयुगात इथे सरोवर होतं, त्याच्या लाटांनी कापलेल्या पायऱ्या त्या कड्यावर आजही दिसतात. जवळच्या गुहेत १९३८ मध्ये ओरेगन विद्यापीठाचे ल्यूथर क्रेसमन यांनी उत्खनन केलं. मझामाच्या राखेच्या थराखाली त्यांना सपाता सापडल्या, डझनांनी, झुडपाच्या सालीचे दोर वळून विणलेल्या. पुढे त्यांचं वय नऊ हजार वर्षांहून जास्त निघालं. ज्या झुडपाच्या सालीपासून त्या विणल्या, ते सेजब्रश आजही गुहेच्या तोंडाशी, राखेच्या वरच्या मातीत उभं आहे. माणसाच्या पायाची ती खूण राखेच्या खाली, आणि ज्या झुडपाने ते पाय राखले ते राखेच्या वर. राख मधे आली. माळ चालू राहिला.

मातीशास्त्रात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने मला ही राख सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. आधी साध्या प्रकाशात. कण वाळूसारखे गोल नव्हते, वाकड्या धारदार चकत्या होत्या. उकळत्या शिलारसात वायूचे बुडबुडे फुगतात आणि फुटतात. त्या बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे म्हणजे या चकत्या. काही कणांत बुडबुडे न फुटता तसेच राहिलेले, नळ्यांसारखे लांबट. मग तिने प्रकाशाच्या वाटेत एकावर एक आडव्या दोन ध्रुवीकरणाच्या काचा आणल्या. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचे स्फटिक पांढरे, करडे, पिवळसर उजळले, आणि राखेचे कण नाहीसे झाले. जिथे होते तिथे काळोख. काचेला स्फटिकासारखी आतली रचना नसते, ती घडायच्या आत शिलारस गोठलेला असतो. म्हणून त्या प्रकाशात काच दिसत नाही. मातीत राख किती, हे मोजायची ही एक रीत: दिसणारे किती, न दिसणारे किती.

या काचेचे दोन गुण इथलं सगळं घडवतात. पहिला, ती सच्छिद्र आहे. तिच्या पोकळ्यांत पाणी अडकून राहतं, म्हणून हातात वाळूसारखी वाटणारी ही माती वाळूहून जास्त ओल धरते. दुसरा, ती कच्ची आहे. क्वार्ट्झच्या वाळूतली सिलिका स्फटिकात घट्ट बांधलेली असते, पाण्याला सहज दाद देत नाही. काचेतली सिलिका सुटायला तयार असते. पाणी मुरलं की थोडी विरघळते, पाण्याबरोबर खाली जाते.

आणि इथे पाण्याची गोष्ट सुरू होते. आमच्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी येतो, जमीन तापलेली असते, सगळं उगवायला टपलेलं असतं; पडलेलं पाणी पिकं आणि गवतं लगेच ओढून घेतात. इथे वर्षाचा तीनशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा सगळा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडावर पडतो, त्यातला बराचसा बर्फ होऊन. तेव्हा झाडं निजलेली असतात. पाण्याला वाटेत कुणी अडवत नाही, ते मुरत मुरत खाली जातं. पण आहेच ते इतकं थोडं की फार खाली जाऊ शकत नाही. कुठेतरी त्याचा जोर संपतो, ते थांबतं. मग कोरडा, लांबलचक उन्हाळा येतो. मुळं ते पाणी शोषून घेतात, उरलेलं सुकतं, आणि त्यात विरघळलेली सिलिका तिथेच राहते. माझ्या आजीच्या घरी तांब्याच्या बंबाच्या तळाशी जसा क्षार बसायचा, पाणी रोज जायचं आणि पांढरा थर वर्षागणिक वाढायचा, अगदी तसंच. फक्त इथे बंब म्हणजे जमीन, आणि वर्षं हजारांनी मोजायची.

आधी सिलिका कणांवर पातळ लेप देते. मग दोन कणांमधली फट सांधते. खड्यांच्या खालच्या अंगाला, जिथे शेवटचा थेंब लोंबत राहतो, तिथे ती दाढीसारखी वाढते. दरडीतला एखादा खडा काढून उलटा केला की ही दाढी हाताला लागते, आणि खडा कुठल्या बाजूने जमिनीत बसला होता ते डोळे मिटूनही सांगता येतं. सांधत सांधत थर पक्का झाला की पाणी त्याच्यातून जाईनासं होतं. मग ते त्याच्या माथ्यावर थबकतं, आणि तिथे सिलिकेचा एकावर एक गुळगुळीत पापुद्रा बसत जातो. असा थर घडायला हजारो वर्षं लागतात, कधी त्याहून कितीतरी जास्त. इथला थर एकट्या मझामाने घडवलेला नाही. त्याच्या आधी या भागात कित्येक ज्वालामुखी फुटले, त्यांचीही राख विरघळली. हिमयुगातल्या ओल्या शतकांचं पाणीही त्यातून मुरलं. मझामाची राख त्या जुन्या थरावर नव्याने येऊन पडली.

हे कळलं तेव्हा माझं त्या थराकडे बघणं बदललं. इतके दिवस मला तो आडकाठी वाटत होता, मातीच्या वाढीला लागलेली खीळ. आता तो मला मोजमाप वाटतो. या जमिनीत पाणी साधारण कुठवर जातं आणि कुठे थांबतं, हे त्या थराने लिहून ठेवलं आहे. पाऊस मोजायची यंत्रं इथे शे-सव्वाशे वर्षांची. थराची नोंद त्याच्या कितीतरी आधीपासूनची. एका वर्षी पाऊस जास्त झाला, एका वर्षी दुष्काळ पडला, त्याने ती रेघ हलत नाही. असंख्य हिवाळ्यांचा हिशेब करून जमिनीने आपली एक खोली ठरवली आहे: हातभर.

आणि या हातभर मातीवर काय काय जगतं!

एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळतो आणि वितळलेलं पाणी थराच्या माथ्यावर अडतं. काही दिवस वरची माती खालून चिंब असते, पाय टाकला तर खचते. मग ती वाफशावर येते, आणि माळाला एकदम घाई सुटते. पुंजक्यांनी वाढणारी गवतं पाती काढतात. खडकाळ, उथळ जागी बिस्किटरूट आणि बिटररूट जमिनीलगत फुलतात. उत्तर पायूट लोक वसंतात त्यांचे कंद उकरायला आजही या भागात जातात, टोकदार काठी घेऊन, आज्या नातवंडांना कुठे खणायचं ते दाखवत. ही फुलझाडं जूनपर्यंत आपलं वर्ष उरकून घेतात आणि जमिनीत मिटून जातात. त्यांच्या वाट्याला थोडे आठवडे असतात, आणि ती त्यातला एकही वाया घालवत नाहीत.

सेजब्रशची रीत वेगळी. त्याची पानं टोकाशी तीन दातांची, अंगावर करडी लव. वसंतात ते मोठी पानं काढतं, उन्हाळ्यात ओल संपत आली की ती गाळून टाकतं, आणि लहान पानं मात्र अंगावर ठेवून हिवाळा काढतं. त्याची मुळं दोन मजली असतात, काही वरच्या मातीत पसरलेली, काही फटी शोधत खोल उतरलेली. १९८७ मध्ये जेम्स रिचर्ड्स आणि मार्टिन काल्डवेल यांनी युटामध्ये दाखवून दिलं की खोल मुळांनी ओढलेलं पाणी हे झुडूप रात्री, पानांची तहान थांबली असताना, वरच्या मुळांतून कोरड्या मातीत सोडतं. दिवसा ते पुन्हा वापरतं, आणि शेजारच्या गवतालाही त्यातलं काही मिळतं. रात्रीच्या माळावर उभं राहिलं की हे आठवतं. वर काही हलत नाही, आणि पायाखाली पाणी वर चढत असतं.

थर किती खोल आहे हे खणल्याशिवायही सांगता येतं, कारण झुडपं ते सांगतात. जिथे माती खोल तिथे मोठं सेजब्रश, कमरेएवढं, काही जागी डोक्याच्याही वर. जिथे थर वर आलेला, तिथे त्याचा ठेंगणा भाऊ, जेमतेम गुडघ्याएवढा. दोन्हींमधली सीमा कधी इतकी नेमकी असते की एका पावलात माळाची उंची बदलते. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात बर्न्सच्या पश्चिमेच्या प्रायोगिक माळावर माती आणि झुडपांची ही जोडी बारकाईने मांडली. आणि जिथे माती खोल, भुसभुशीत, झुडपं उंच, तिथेच पिग्मी ससा आपलं बीळ खणतो. उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान ससा, ओंजळीत मावेल एवढा. त्याच्यासाठी जमिनीची खोली म्हणजे घर मिळणं की न मिळणं.

गावाकडचे माझे आप्पा इथे आले होते तेव्हा त्यांना मी हा माळ दाखवायला नेलं. ते गाडीतून उतरले, एक फांदी वाकवली, पानं तळहातावर चुरडली आणि नाकाशी नेली.

"अगं, हा तर दवणा!"

ते चुकले नव्हते, निदान कुळापुरते तरी नाही. चैत्रात आपण जोतिबाला वाहतो तो दवणा आणि हे सेजब्रश एकाच आर्टेमिसिया कुळातले. दवण्याचा वास गोड, याचा कडवट, कापराकडे झुकणारा. पण मुळाशी एक ओळख आहे, आणि आप्पांच्या नाकाने ती पकडली. मग ते दरडीपाशी गेले. काठीच्या टोकाने त्यांनी तो पांढुरका थर ठोकून पाहिला.

"आपल्याकडं नांगराच्या फाळाखाली असाच बसतो," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरलं, वर ट्रॅक्टरचं ओझं. मग सबसॉयलर घालून फोडावा लागतो. ह्यांनी का नाही फोडला?"

मी त्यांना कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. तिथल्या सॅन होकिन खोऱ्यातही सिलिकेचा असाच थर आहे. फळबागा लावताना शेतकऱ्यांनी एकेका खड्ड्यात सुरुंग लावून तो उडवला. पुढे अजस्र यंत्रांनी फाडला. आणि बागा झाल्याही, कारण सिएरा नेवाडाच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी तिथवर आणता आलं. आप्पांनी चहूकडे नजर फिरवली. कुठे नदी नाही, ओढा नाही, क्षितिजापर्यंत राखाडी हिरवं.

"इथं थर फोडतील," ते म्हणाले, "पण पोरी, पाणी कुठनं आणतील?"

जन्मभर जिरायती शेती केलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो. ज्यांना तो सुचला नाही, त्यांच्या खुणा फोर्ट रॉकच्या खोऱ्यात आहेत. १९०९ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून कोरडवाहू मुलखात माणशी ३२० एकर जमीन देऊ केली. लोक आशेने आले, झुडपं उपटली, गहू आणि राय पेरली, शाळा आणि पोस्टं उभारली. पहिली काही वर्षं बरी गेली. मग पाऊस आपल्या मूळ मापावर आला. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवरच्या त्या खोऱ्यात उन्हाळ्यातही दहिवर पडून पिकं करपली, सशांच्या झुंडींनी उरलेलं खाल्लं, नांगरलेली हलकी माती वाऱ्यावर उडाली. १९२० येईपर्यंत बहुतेक घरं ओस पडली होती. त्यातली काही लाकडी घरं आज एकत्र आणून संग्रहालय म्हणून जपली आहेत. त्यांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत, वाऱ्याची फट बुजवायला. ती बघताना मला त्या माणसांचा राग येत नाही. ती कष्टाळू होती, भोळी होती, आणि त्यांना जमिनीबद्दल जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

गुरांचंही तेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या माळावर न मोजता गुरं आणि मेंढ्या सोडल्या गेल्या. पुंजक्यांचं गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं. झुडपांमधल्या मोकळ्या जमिनीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची जी जिवंत कात असते, मातीला धरून ठेवणारी, ती खुरांखाली फुटली. रिकाम्या जागेत युरोप-आशियातून धान्याबरोबर आलेलं चीटग्रास शिरलं. हे गवत शरदात उगवतं, हिवाळाभर मुळं वाढवतं, वसंतातली ओल सगळ्यांच्या आधी पिऊन टाकतं आणि जूनमध्ये वाळून कोळ होतं. मग वीज पडते, वणवा लागतो. मोठं सेजब्रश जळालं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. चीटग्रासचं बी मात्र मातीत असतंच. हातभर मातीतली ओल दोघांना पुरणारी नसते, जो आधी पितो त्याचा माळ होतो. एकदा का चक्र सुरू झालं की दर वणव्यागणिक झुडपं मागे हटतात.

१९३४ मध्ये टेलर कायद्याने सरकारी माळावरच्या चराईवर पहिल्यांदा बंधन आलं. १९३६ मध्ये बर्न्सजवळच्या प्रायोगिक माळावर काही तुकड्यांना कुंपण घालून गुरं पूर्ण बंद केली, शेजारी माफक चराई चालू ठेवली. ती कुंपणं आजही आहेत. अनेक दशकांनी तिथे जाळून पाहिलं तेव्हा जे दिसलं ते विचार करायला लावणारं होतं. जिथे कुंपण घातल्यापासून चराई झाली नव्हती तिथे वाळकं गवत साठत गेलेलं, आग कडक लागली, गवताचे पुंजके मेले आणि चीटग्रासने ती जागा घेतली. जिथे माफक चरलं होतं तिथे देशी गवत तगलं. अतिचराईने माळ मोडला हे खरं. आता चीटग्रास येऊन बसल्यावर माळ नुसता सोडून देणंही पुरत नाही, हेही खरं. या जमिनीला माणसाकडून हवं आहे ते माप. तिचं स्वतःचं जगणं मापाचं आहे, तिच्यावर जगणाऱ्यांचंही तसंच असावं लागतं.

मी हे लिहिते आहे ते महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर सिलिकेचा असा थर घडलेला नाही. आपला पाऊस वेगळ्या ऋतूत येतो, आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे होतात आणि उथळ जमिनीखाली मुरूम लागतो. पण ज्वालामुखीची राख आपल्याकडेही पडली आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरीला राखेचा थर आहे, सुमात्रातल्या टोबाहून आलेला. त्याच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली, आणि तो टोबाच्या कुठल्या उद्रेकाचा यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आणि उथळ मातीचे माळ तर आपल्याकडे कितीतरी आहेत, पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडे. त्यांना आपण सरसकट पडीक म्हणतो. मुरमात खड्डे घेऊन तिथे झाडं लावतो, ती मेली की पुन्हा लावतो. तिथलं कुसळी गवत, धावीक, माळढोक, धनगरांच्या मेंढ्या, हे सगळं त्या वीतभर मातीच्या मापाने बसलेलं होतं, हे कुणी विचारात घेत नाही. ज्या जमिनीवर झाड नाही ती रिकामी, ही समजूत फोर्ट रॉकच्या वसाहतकऱ्यांइतकीच भोळी आहे, आणि तिची किंमत तितकीच मोठी आहे.

जमीन बघायची तर आधी खणून बघावी. किती खोल आहे, यापेक्षा पाणी कुठवर जातं हे बघावं. त्या ओलीत कोण कोण वाटेकरी आहे, कोण आधी पितो, कोण नंतर, हे बघावं. मग काय पेरायचं, किती चारायचं, काय जसंच्या तसं राहू द्यायचं ते ठरवावं. ओरेगनच्या माळावर नऊ हजार वर्षांहून आधी माणसं सेजब्रशच्या सालीच्या सपाता घालून फिरत होती आणि त्यांच्यामागून आलेले आजही वसंतात कंद उकरायला जातात. त्याच माळावर नांगर घेऊन आलेल्यांना पंधरा वर्षंही काढता आली नाहीत. जमीन तीच होती, थर तोच, पाऊस तोच. फरक मापाचा होता. हातभर मातीच्या मापात जे राहिले त्यांना ती पिढ्यानपिढ्या पुरली आहे, आणि आपण ते माप शिकलो तर आपल्यालाही पुरेल.